आउटबोर्ड इंजिनचा डेटा फिशफाइंडरवर कसा आणायचा: पहिल्यांदाच वायरिंग करणाऱ्यांसाठी

मालवणातून सकाळी निवतीकडे जाताना काही वाटत नाही. मतलई वारा असतो, समुद्र तेलासारखा सपाट, होडी आपसूक पळते. खरी कसोटी दुपारी परत येताना. वायव्येचा वारा सुटतो आणि सगळ्या लाटा तोंडावर घेत उत्तरेकडे यायचं असतं, अशा वेळी डोक्यात एकच प्रश्न फिरत असतो, टाकीत पेट्रोल किती राहिलंय. आमच्याकडे बहुतेक फायबर होड्यांवर २५ लिटरच्या सुट्या टाक्या असतात, त्यांना गेज नसतं, असलं तरी लाटांवर काटा असा नाचतो की काही कळत नाही, मग माणूस टाकी हलवून बघतो आणि अंदाज बांधतो. मी कितीतरी वर्षं तेच केलं.

आता गंमत अशी की नवीन फोर स्ट्रोक ईएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) इंजिनाला स्वतःला पक्कं माहीत असतं की ते तासाला किती पेट्रोल पितंय. आत कॉम्प्युटर आहे, इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून तो हिशोब करत असतो. आणि समोर फिशफाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि खोली दाखवणाऱ्या डिस्प्लेवर, जीपीएसचा स्पीड असतो. या दोघांची गाठ घालून दिली की स्क्रीनवर सरळ दिसतं, एका लिटरमध्ये किती नॉटिकल मैल जातोय, आतापर्यंत किती लिटर जळलं, किती उरलं. सोबत आरपीएम, चार्जिंगचं व्होल्टेज, इंजिनचे तास, काही इंजिनांत टेम्परेचर आणि ट्रिमसुद्धा, म्हणजे इंजिन किती कललंय ते. काम अवघड अजिबात नाही, पण नेटवर्क नीट उभं केलं नाही तर डेटा कधी येतो कधी गायब होतो, आणि असा डेटा नसलेलाच बरा. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मागची बाजू बघा, मग पैसे खर्च करा

फिशफाइंडरच्या पाठीमागे किंवा त्याच्या केबलवर एनएमईए २००० लिहिलेलं पाच पिनांचं गोल सॉकेट आहे का बघा. नसेल तर हा लेख वाचून उपयोग नाही, आधी डिस्प्ले बदलायचा विचार करावा लागेल. गार्मिनच्या स्ट्रायकर सिरीजमध्ये ही सोय नाही, लॉरन्सच्या हुक रिव्हीलमध्ये पण नाही, आणि स्वस्तात मिळतात म्हणून लोक नेमके हेच घेतात. लॉरन्स एलिट एफएस, एचडीएस, गार्मिन जीपीएसमॅप यांना आहे. इकोमॅपमध्ये मॉडेलप्रमाणे फरक पडतो म्हणून तुमच्याच मॉडेलचं स्पेसिफिकेशन वाचा. रेमरीनच्या काही डिस्प्लेंचा प्लग वेगळा असतो, त्याला सीटॉक एनजी म्हणतात, पण आतली भाषा तीच, अ‍ॅडॉप्टर केबल लावली की चालतं.

एनएमईए २००० म्हणजे होडीवरच्या यंत्रांची एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा. गाड्यांमधल्या कॉम्प्युटरांना जोडणारी जी कॅन बस नावाची पद्धत असते त्याच्यावरच बेतलेली. इंजिन आरपीएमची एक ठरावीक पाकिटं पाठवतं, पेट्रोल-टेम्परेचर-व्होल्टेजची दुसरी पाठवतं, आणि त्या तारेवर जो कोणी ऐकत असेल त्याला ती मिळतात. कंपनी कुठलीही असो, एका कंपनीचं इंजिन आणि दुसऱ्या कंपनीचा डिस्प्ले खुशाल चालतो.

इंजिनकडची बाजू

इथे मात्र कंपनीनुसार फरक आहे आणि नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

होंडाच्या बीएफ ६० सारख्या इंजिनातून डेटा थेट एनएमईए २००० मध्येच बाहेर पडतो, फक्त जोडायची केबल लागते. सुझुकीच्या डीएफ सिरीजच्या ईएफआय इंजिनांना सुझुकीचीच इंटरफेस केबल मिळते, एक टोक इंजिनच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) आणि दुसरं नेटवर्कला. मर्क्युरीची आतली भाषा स्मार्टक्राफ्ट, त्यामुळे मध्ये दुभाष्या लागतो, म्हणजे गेटवेचा डबा. यामाहाचं कमांड लिंक म्हणून स्वतःचं नेटवर्क आहे, त्यालाही कंपनीने सांगितलेला गेटवेच वापरायचा. आणि यामाहावाल्यांनी हे खास लक्षात ठेवा, कमांड लिंकचा प्लग दिसायला एनएमईए २००० सारखाच वाटतो, म्हणून कोणी तो सरळ बॅकबोनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या मुख्य तारेत, खुपसायला बघतो. तसं करू नका, दोन्ही वेगळी नेटवर्कं आहेत.

केबल मागवताना फक्त "६० हॉर्सपॉवरची द्या" असं सांगू नका. इंजिनच्या ब्रॅकेटवर जी प्लेट असते तिचा फोटो काढा, मॉडेल आणि सिरीयल नंबर स्वच्छ दिसला पाहिजे, आणि तो दाखवून पार्ट नंबर पक्का करून घ्या. मी एकदा फोनवर बोलून केबल मागवली, मुंबईहून आली, प्लग बरोब्बर बसला, आणि डेटा शून्य. दोन दिवस सगळ्या वायरी तपासल्यावर कळलं की ती त्याच कंपनीच्या दुसऱ्या वर्षाच्या इंजिनाची होती. दुकानदाराने बदलून दिली नाही आणि माझा सीझनचा आठवडा गेला.

काय काय लागेल

साध्या एका इंजिनाच्या होडीला तीन टी (तीन तोंडांचे जोड), दोन टर्मिनेटर (टोकांना लावायची टोपणं), एक पॉवर केबल, डिस्प्लेसाठी एक ड्रॉप केबल आणि इंजिनची केबल. बाजारात याचं तयार स्टार्टर किट मिळतं, बहुतेक किटमध्ये दोन-तीन टी, दोन्ही टर्मिनेटर, पॉवर केबल आणि एखादी ड्रॉप केबल असते. टी कमी असेल तर एक सुटा घ्या. शिवाय ३ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, एक वॉटरप्रूफ स्विच, टिनचा मुलामा असलेली तांब्याची वायर, थिंबल, हीटश्रिंक ट्यूब, केबल टाय आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर साधा चालेल, पण हवाच. तो नसेल तर हे काम सुरूच करू नका असं मी म्हणेन.

साधी तांब्याची घरगुती वायर वापरू नका. आमच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत तिच्या आतपर्यंत हिरवा गंज चढतो, बाहेरून वायर नवी दिसते आणि आत तांब्याची भुकटी झालेली असते.

नेटवर्क कसं असतं ते डोक्यात बसवा

गावातला मुख्य रस्ता आणि त्याला फुटलेल्या पाणंदी असं चित्र डोळ्यांसमोर आणा. मुख्य रस्ता म्हणजे बॅकबोन, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक टर्मिनेटर. पाणंदी म्हणजे ड्रॉप केबल, प्रत्येक यंत्र आपापल्या पाणंदीने मुख्य रस्त्यावर येतं. पाणंद ६ मीटरपेक्षा लांब नको. बॅकबोन साध्या पातळ केबलचा असेल तर १०० मीटरपर्यंत चालतो, आपल्या होड्यांत तो प्रश्न कधी येतच नाही. आणि एक यंत्र दुसऱ्याच्या पाठीला, दुसरं तिसऱ्याच्या पाठीला असं माळेसारखं जोडायचं नाही.

टर्मिनेटर म्हणजे आत १२० ओहमचा रेझिस्टर असलेलं टोपण. तो नसला तर सिग्नल तारेच्या टोकाला आपटून परत येतो आणि डेटाची खिचडी होते. दोनच लागतात, एक पण नाही आणि तीन पण नाही. लोक म्हणतात माझ्याकडे एकावर चालतंय, छोट्या होडीत कधी कधी चालतं खरं, पण ऐन लाटांत डेटा गायब व्हायला लागतो आणि मग कारण सापडत नाही.

२२ फुटी होडीत मी तिन्ही टी कन्सोलच्या (सुकाणूपाशी असलेल्या पेटीच्या) आत एकमेकांना थेट जोडतो, दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावतो, म्हणजे बॅकबोन वीतभराचा होतो आणि सगळा कोरड्या जागी राहतो. मधल्या टीला पॉवर, एका बाजूच्या टीला डिस्प्ले, दुसऱ्या बाजूच्याला इंजिन. इंजिनची केबल मागच्या फळीपासून कन्सोलपर्यंत साधारण ४ मीटरमध्ये येते. होडी लांब असेल आणि केबल पुरत नसेल तर ड्रॉपला जोड देऊन लांबवू नका, बॅकबोनच मागे न्या.

आता प्रत्यक्ष जोडणी

हे काम पावसाळ्यात करा. १ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढलेल्या असतात, झापांनी शाकारलेल्या, सावलीत बसून निवांत काम होतं.

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह काढायची. मग कन्सोलच्या आत, बिल्जच्या (होडीच्या तळाशी साठणाऱ्या) पाण्यापासून उंच, एक जागा निवडा आणि तिथे तिन्ही टी स्क्रूने पक्के बसवा, लोंबकळत ठेवू नका. प्लगच्या आत एक खाच असते, ती जुळवून हलक्या हाताने दाबायचं, मग बाहेरची रिंग बोटांनी फिरवायची. पक्कड लावू नका, पिना वाकतात, आणि एकदा पिन वाकली की तो टी फेकावा लागतो. रिंगच्या आट्यांवर आणि रबरी ओ रिंगवर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, पिनांमध्ये ग्रीस भरू नका.

पॉवरची लाल वायर फ्यूज आणि स्विचमधून पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. एकाच ठिकाणाहून पॉवर द्यायची. नेटवर्कला पॉवर दिली म्हणजे डिस्प्ले चालू होईल असं नाही, डिस्प्लेची स्वतःची पॉवर केबल वेगळी असतेच, ती आहे तशी राहू द्या. शक्य असेल तर ही पॉवर स्टार्टरच्या बॅटरीवरून घेऊ नका. नेटवर्क साधारण ९ ते १६ व्होल्टवर चालतं आणि सेल्फ मारताना थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर त्याच्याही खाली जातं, मग नेटवर्क बंद पडून परत चालू होतं. दुसरी छोटी बॅटरी टाकायला जागा असेल तर उत्तम, नसेल तर निदान इंजिन आधी चालू करून मग नेटवर्कचा स्विच दाबायची सवय लावा.

इंजिनची केबल रिगिंगच्या पाइपमधून आणायची, म्हणजे ज्या पाइपातून इंजिनच्या बाकीच्या केबली कन्सोलपर्यंत येतात त्यातूनच. जुन्या केबलींच्या सोबत ओढताना प्लगला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून टेप मारा, नाहीतर ग्रीस, रेती, सगळं पिनांत जाऊन बसतं. इंजिन पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून आणि वर उचलून बघा, केबल कुठे ताणली जात नाही ना, चिमटत नाही ना. कन्सोलमध्ये शिरायच्या आधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. अजून एक, ट्रान्सड्यूसरची (फिशफाइंडरच्या पाण्यातल्या सेन्सरची) केबल इंजिनच्या हार्नेससोबत बांधू नका, वितभर तरी लांब ठेवा. नाहीतर इंजिनचा डेटा दिसेल पण फिशफाइंडरच्या स्क्रीनवर रेघोट्या यायला लागतील आणि मासा कुठला, गोंगाट कुठला हेच कळणार नाही.

चालू करायच्या आधी ६० ओहम बघा

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि यानेच पुढचा सगळा त्रास वाचतो, तरी दहातले नऊ जण करत नाहीत.

नेटवर्कची पॉवर बंद. एक ड्रॉप मोकळा करून त्याच्या पिना बघा. प्लगवर बारीक अक्षरांत नंबर असतात. १ म्हणजे शिल्ड, २ म्हणजे लाल १२ व्होल्ट, ३ काळी निगेटिव्ह, ४ पांढरी आणि ५ निळी, या शेवटच्या दोन डेटाच्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवून ४ आणि ५ मध्ये रीडिंग घ्या. ६० च्या आसपास आलं की नेटवर्क बरोबर, कारण १२० चे दोन रेझिस्टर समांतर असले की ६० होतात. १२० आलं तर एक टर्मिनेटर नाही किंवा मधे कुठेतरी बॅकबोन तुटलाय. ४० आलं तर कोणीतरी तिसरा टर्मिनेटर लावलाय, काही यंत्रांत तो आतच असतो हेही बघा. शून्याच्या जवळ आलं तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात, पॉवर अजिबात देऊ नका.

मग पॉवर द्या आणि २ आणि ३ मध्ये बॅटरीइतकं व्होल्टेज येतंय का बघा. बॅटरीवर १२.६ आणि इथे ११.५ असेल तर मधे कुठलं तरी थिंबल सैल आहे.

डिस्प्लेवर सेटिंग

की ऑन केल्याशिवाय इंजिन काही बोलत नाही, त्यामुळे आधी की ऑन. गार्मिनमध्ये सेटिंग्ज, कम्युनिकेशन्स, एनएमईए २००० सेटअप, डिव्हाइस लिस्ट असं जा. लॉरन्समध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, डिव्हाइस लिस्ट. तिथे इंजिनचं किंवा गेटवेचं नाव दिसलं पाहिजे. दिसलं की अर्धी लढाई जिंकली. लॉरन्सवर सोर्सेसमध्ये ऑटो कॉन्फिगर एकदा चालवा, ते करत असताना इंजिन चालू ठेवा.

मग इंजिनची संख्या एक टाका. दोन इंजिनं असतील तर दोघांना वेगळा इन्स्टन्स नंबर लागतो, डाव्याला ० आणि उजव्याला १, दोन्ही ० राहिले तर एकाच गेजवर दोघांचे आकडे उड्या मारताना दिसतात. गेजचं पान उघडून आरपीएम, फ्युएल फ्लो, व्होल्टेज एवढं तरी ठेवा. डिव्हाइस लिस्टमध्ये नाव आहे पण आकड्यांऐवजी नुसत्या रेघा दिसतायत, असं असेल तर डिस्प्लेचं सॉफ्टवेअर अपडेट करून बघा. आणि एखादाच आकडा येत नसेल, म्हणजे टेम्परेचर किंवा ऑइल प्रेशर, तर बहुधा तुमचं इंजिन तो पाठवतच नाही, वायरिंग उसवत बसू नका.

पेट्रोलचा हिशोब

सुट्या टाक्या असतील तर डिस्प्लेला टाकीत काय आहे ते दिसत नाही, तो फक्त वजाबाकी करतो. एकूण क्षमता तुम्ही भरायची, माझ्या दोन टाक्यांची मी ५० टाकलीय, आणि दर वेळी टाक्या पूर्ण भरल्या की मेनूत जाऊन "टाकी फुल" केलं पाहिजे. ते विसरलात तर स्क्रीनवरचा उरलेल्या पेट्रोलचा आकडा खोटा. मी पेट्रोल भरून आलं की टाकीचं बूच लावायच्या आधी ते बटण दाबतो, तो क्रमच ठरवून टाकलाय.

पहिल्या चार-पाच फेऱ्यांत पंपावर किती लिटर बसलं आणि स्क्रीन किती जळलं म्हणतेय, दोन्ही वहीत लिहा. थोडा फरक येतोच, काही डिस्प्लेत तो दुरुस्त करता येतो, नाही तर निदान तुम्हाला कळलेलं असतं की आपला डिस्प्ले कमी सांगतो की जास्त.

आता याचा उपयोग बघा. माझं इंजिन ६० हॉर्सपॉवरचं. सकाळी सपाट समुद्रात ४००० आरपीएमला १६ नॉट (तासाला १६ नॉटिकल मैल), तासाला साडेदहा लिटर. १० नॉटिकल मैल जायचं तर साधारण ६.६ लिटर. दुपारी तेच १० मैल वाऱ्यावर येताना होडी ९ नॉटच्या वर नेता येत नाही, तासाला ८ लिटर जळतात, म्हणजे ८.९ लिटर. तासाचा आकडा कमी दिसतो म्हणून माणूस निर्धास्त होतो, पण तेवढ्याच वाटेला पेट्रोल एक तृतीयांशाने जास्त लागलेलं असतं. म्हणून लिटर प्रति तास बघू नका, एका लिटरमध्ये किती मैल तो आकडा मोठ्या अक्षरांत ठेवा. जाताना एक तृतीयांश, येताना एक तृतीयांश आणि उरलेलं राखीव, हा जुना नियम याच्यासोबत पाळायचाच.

जुन्या टू स्ट्रोकवाल्यांसाठी

कार्ब्युरेटरच्या इंजिनात कॉम्प्युटरच नाही, त्यामुळे इंटरफेस केबलने काही होणार नाही. पण मार्ग आहे. अ‍ॅक्टिसेन्सचा ईएमयू १ सारखा कन्व्हर्टर मिळतो, तो चार्जिंग कॉइलच्या टॅकोमीटर वायरवरून पल्स मोजून आरपीएम पाठवतो. त्यात एका फेऱ्याला किती पल्स ते सांगावं लागतं, ते कॉइलच्या पोलच्या निम्मे असतात, १२ पोल असतील तर ६. आकडा चुकला की आरपीएम दुप्पट किंवा निम्मे दिसतात, लगेच लक्षात येतं. पेट्रोलसाठी लाइनमध्ये बसवायचा फ्लो सेन्सर वेगळा मिळतो, गार्मिनचा जीएफएस १० त्यातलाच, मात्र तो फिल्टरच्या नंतर बसवा आणि सगळे क्लँप दोनदा तपासा. पेट्रोलच्या लाइनला हात लावताना आसपास कोणी विडी-सिगारेट ओढणार नाही हे तुम्हीच बघायचं.

पहिली ट्रायल

सरळ समुद्रात जाऊ नका. आम्ही कर्लीच्या खाडीत ट्रायल घेतो, पाणी शांत असतं आणि काही झालं तर काठ जवळ. इंजिन गरम होऊ द्या, कूलिंगच्या पाण्याची धार नेहमीसारखी आहे ना बघा, व्होल्टेज साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे आलं पाहिजे. इंजिनचा स्वतःचा बझर काढू नका, स्क्रीनवर अलार्म येतो म्हणून तो तोडणारे मी बघितलेत. प्लॅस्टिकची पिशवी खालच्या, कूलिंगचं पाणी ओढणाऱ्या जाळीला चिकटली आणि इंजिन तापायला लागलं तर तुमची नजर गरीवर असेल की स्क्रीनवर सांगता येत नाही, बझर मात्र ऐकू येतोच.

मग २०००, ३०००, ४००० आणि ५००० आरपीएमला दोन-दोन मिनिटं चालवून स्पीड, लिटर प्रति तास, व्होल्टेज आणि येत असेल तर टेम्परेचर लिहून घ्या. एकदा प्रवाहासोबत आणि एकदा प्रवाहाविरुद्ध घ्या, सरासरी काढा. हा कागद लॅमिनेट करून मी कन्सोलच्या झाकणाला आतून चिकटवलाय. मागच्या फेब्रुवारीत ४००० ला साडेदहाच्या जागी साडेबारा लिटर दिसायला लागले, स्पीड पण दोन नॉटने कमी, होडी वर घेऊन बघितलं तर तळाला बारनाकल्सचा (चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यांसारख्या जिवांचा) थर आणि पंख्यात नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा गुंतलेला.